बेबी कामावर जाते

५ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. फोन उचलला नाही म्हणून रागावू नका. फोनवर तुम्ही "कशा आहात वहिनी?" विचारता आणि मग आपण दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. कागदावर तसं होत नाही. गप्प बसलं तरी ओळ पुढे सरकते.

इकडे ठीक आहे. ठीक म्हणजे नळाला पाणी येतं, दिवे लागतात, आणि मी सोमवारपासून कामावर जाते. मी आत शिरले की धुलाईखात्यात सगळ्या आवाज खाली करतात, तेवढं नको वाटतं. मशीनचा आवाज कोणाला खाली करता येत नाही, ते बरं आहे. रुग्णालयाच्या चादरी पूर्वीसारख्याच येतात. वर कोणाचं काय झालं ते आम्हाला चादरीवरून कळतं, पण आम्ही बोलत नाही. हे गेले त्या दिवशी ह्यांची चादरही खाली आली असणार. मी रजेवर होते. कोणीतरी धुतली असेल. मी विचारलेलं नाही.

मला रडू येत नाही. शेजारच्या बाई रोज समोर येऊन बसतात आणि दूध तापत ठेवल्यासारखं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. शेवटी कंटाळून घरी जातात.

बेबीचं विचारलंत. तुमची बहीण रोज सकाळी उठते, वेणी घालते, डबा मागते आणि स्टॉपवर जाऊन उभी राहते. हे ज्या स्टॉपवरून तिला बसमध्ये घ्यायचे तिथेच. इतकी वर्षं ती ह्यांच्या मागच्या सीटवर बसून दिवसभर फिरली. डेपोतल्या साहेबांनी काणाडोळा केला, प्रवाशांना सवय झाली. उतरणाऱ्या प्रत्येकाला ती "सांभाळून" म्हणायची, आणि कोणी ओ दिली नाही तर पुन्हा म्हणायची. आता दुसरा ड्रायव्हर आहे. ती बस आली की आत डोकावते, ह्यांना शोधते, मागे होते. बस जाते. मग पुढच्या बसची वाट बघते. मी तिला समजावून सांगितलं की दादा आता नाही. ती म्हणाली, "माहितेय." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा मागितला.

निघताना तुम्ही दारात बेबीला ठेवायच्या त्या संस्थेचं बोललात आणि मी मान हलवली. हल्ली मी सगळ्यालाच मान हलवते. तिचा अर्थ हो असा धरू नका. नाही असाही धरू नका.

जाऊबाईंना नमस्कार. छोटीला पापा.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. नमस्कार,

मुद्द्याचं आधी लिहितो, शिक्षकाची खोड आहे. संस्थेत मी चौकशी केली. तुमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे. जागा स्वच्छ, माणसं चांगली, बाग आहे. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तिथे तिच्यासारखी माणसं आहेत. वहिनी, ती चव्वेचाळीस वर्षांची बाई आहे. तिला वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही, कुठे मोठा आवाज झाला की कानांवर हात घेऊन रस्त्यात मटकन खाली बसते. दादा होता तोवर गोष्ट वेगळी होती. त्याने तिला ओच्यात घेऊन आयुष्य काढलं. तुम्ही का काढावं? तुमच्या पोटची नाही, पाठची नाही. तुम्ही दिवसभर कामावर. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक तुम्हालाच नावं ठेवतील.

अर्जात थोडी माहिती भरावी लागते. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, त्यामुळे लहानपणचं मला फारसं आठवत नाही. दादा कधी बोलला होता का, की ती बोलायला कधी लागली? अक्षरं अजिबातच येत नव्हती, की येत होती आणि उलटसुलट व्हायची? आकडे? शाळेत घातली तेव्हा पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? बारीकसारीक असलं तरी कळवा.

इकडे सगळे मजेत. छोटी चौथीत आहे, चित्रं छान काढते. हिची तब्येत मध्यंतरी थोडी बिघडली होती, आता बरी आहे.

आपला,
भावजी


११ मार्च

प्रिय भावजी,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मधे बेबी हरवली होती. सापडली. म्हणून लिहायला बसले.

त्या दिवशी ती स्टॉपवरून मागे फिरली नाही. सरळ बसमध्ये चढली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "ऊठ. ही दादाची जागा आहे." तो नवा पोरगा. त्याला वाटलं बाई वेडी आहे. कंडक्टर आला, माणसं उठून उभी राहिली, कोणी म्हणालं उतरवा, कोणी म्हणालं पोलिसांना बोलवा. गाडीत आरडाओरडा झाला तसे तिने कान दाबले आणि तीही ओरडायला लागली. पुढच्या स्टॉपवर तिला उतरवलं. हात धरून, ढकलून नव्हे, एवढं कंडक्टरने नंतर मला दोनदा सांगितलं.

मला कामावर निरोप आला. मी वेड्यासारखं धावत सुटायला हवं होतं ना? मी हातातली चादर पूर्ण घडी घातली. मग पदर खोचून निघाले. संध्याकाळपर्यंत शोधलं. डेपोत जिथे गाड्या धुतात तिथे एका रिकाम्या बसमध्ये बसली होती, ड्रायव्हरच्या मागे. बाहेरून पाण्याचा फवारा काचांवर बसत होता आणि ती पुढे बघत होती. मला बघून म्हणाली, "वैनी, गाडी सुटत नाहीये."

मला हायसं वाटलं नाही. राग आला नाही. भीतीही वाटली नव्हती. शोधताना मी नुसती चालत होते. रात्री हे ध्यानात आलं तेव्हा मात्र जरा चरकले. ज्या बाईला भीती वाटत नाही तिच्या भरवशावर कोणाला ठेवू नये. तेव्हा, संस्थेचं करा. मी नेऊन सोडते.

तुमच्या प्रश्नांचं. हे सांगायचे की ती चारेक वर्षांची होईतो बोललीच नाही, आणि मग एक दिवस अख्खं वाक्य बोलली. "दार लावा, वारा येतो." अक्षरं म्हणाल तर, हे मोठ्याने धडे वाचायचे ते ऐकून हिचे पाठ व्हायचे. तिसरीपर्यंत तशी पुढे गेली. बाईंना वाटलं वाचते. मग एकदा पुस्तक उलटं धरून घडाघडा म्हणायला लागली आणि वर्ग हसला. त्यानंतर सासऱ्यांनी शाळा सोडवली. ह्यांना ते फार लागलं होतं. म्हणायचे, "तिला कोणी शिकवलंच नाही. फक्त बसवलं."

अर्जात एवढं पुरेल का?

वहिनी


१८ मार्च

ती. वहिनींस सा. न.

तुमचा निर्णय योग्य आहे. मनाला लावून घेऊ नका. महिन्याच्या शेवटी जागा आहे. मी परीक्षांच्या गडबडीत आहे, येता येणार नाही, तुम्ही समजून घ्याल.

आणखी एक. हे आपल्या घरात आणखी कोणाला होतं का? आजोबांना, आत्यांपैकी कोणाला? दादा काही बोलला असेल. रक्तातून येतं का, असं मला म्हणायचं आहे. संस्थेला नव्हे, सहज विचारतोय.

पुस्तक उलटं धरल्याचं मला माहीत नव्हतं. ते वाचून मला झोप लागली नाही. का ते सांगत नाही.

भावजी


२ एप्रिल

प्रिय भावजी,

सोडून आले.

रक्ताचं मला ठाऊक नाही. छोटीच्या लग्नात कोणी विचारेल म्हणून आत्तापासून काळजी करत असाल तर ती नऊ वर्षांची आहे, इतकी घाई नको. हे मी रागाने लिहीत नाही. तुम्हाला मोठी मुद्द्याची सवय, मी आपला अंदाज केला.

संस्था तुम्ही म्हणालात तशीच आहे. फरशी पुसलेली, खिडक्यांना जाळ्या, भिंतीवर मुलांच्या शाळेत असतात तशी फुलं चिकटवलेली. तिथल्या ताई बेबीशी फार गोड बोलल्या. "आमची बेबी शहाणी आहे ना? आमची बेबी हात धुणार ना?" बेबीने माझ्याकडे बघितलं. तिच्याशी असं कोणी बोलत नाही. आमच्याकडे तिला "हात धू" म्हणतात. खोलीत चार खाटा. शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून गात होती, आवाज चांगला होता.

बेबी रडली नाही. पिशवी खाटेवर ठेवली आणि विचारलं, "गाडी कधी?" ताई म्हणाल्या, "इथे गाडी नाही राणी, इथे मज्जा आहे." बेबीने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मी येईन. कधी ते सांगितलं नाही.

घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. कोणी विचारलं नाही की इतका उशीर का. जेवले आणि झोपले. गाढ. सकाळी उठल्यावर हलकं वाटलं. तसं वाटल्याची लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. तुम्ही म्हणालात मनाला लावून घेऊ नका. लावून घ्यायला मन सापडत नाही, भावजी. कुठे ठेवलंय कोण जाणे.

वहिनी


१६ एप्रिल

वहिनी,

हे पत्र मी शाळेतल्या रिकाम्या वर्गात बसून लिहितो आहे. घरी लिहिता येत नाही.

परवा जेवताना छोटीने विचारलं, "बेबीआत्या कुठे गेली?" मी म्हटलं, तिच्यासारखी माणसं राहतात तिथे. ती बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, मग मला पण तिथेच ठेवणार का?"

वहिनी, छोटीला वाचता येत नाही.

चौथीत आहे आणि साधं वाक्य लागत नाही. अक्षरं जागा सोडतात म्हणते. आकड्यांची उलटापालट करते. दोन वर्षं आम्ही लपवतोय. ही रोज संध्याकाळी तिच्याकडून धडे पाठ करून घेते म्हणजे वर्गात वाचायची पाळी आली की म्हणून दाखवता येतात. तुम्ही पुस्तक उलटं धरल्याचं लिहिलंत ना, त्या रात्री झोप लागली नाही ती यामुळेच. हिची तब्येत बिघडली होती असं मी कळवलं, ते खोटं. हिने छोटीला मारलं होतं आणि नंतर दोन दिवस स्वतः अंथरुणातून उठली नाही.

डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, बुद्धी चांगली आहे, मेंदूची वाचायची वाट वेगळी आहे, वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल, वेळ लागेल. आणि हेही म्हणाले की बेबीची आणि छोटीची गोष्ट एक नाही. मी दोनदा विचारलं. दोनदा तेच म्हणाले. पण मी घरी आलो की मला छोटीच्या जागी बसमध्ये बसलेली बेबीच दिसायची. चव्वेचाळीस वर्षांची. कोणाच्या तरी मागच्या सीटवर.

संस्थेची घाई मी तुमच्यासाठी केली नाही. मला ती डोळ्यांसमोर नको होती. छोटीच्या तर मुळीच नको होती. आणि छोटीने सगळं एका वाक्यात ओळखलं.

मी तिला काय उत्तर दिलं माहीत आहे? म्हटलं, "जेव."

भावजी


२८ एप्रिल

भावजी,

तुमचं पत्र वाचून मला राग आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं, म्हणून आधी नुसतीच खुर्चीत बसून राहिले आणि येऊ दिला. मग सुटी टाकली आणि संस्थेत गेले.

बेबी वाईट नाही ठेवलेली. वजन थोडं उतरलंय. आवारात संस्थेची एक बंद पडलेली गाडी उभी असते, ती दिवसभर तिच्यात जाऊन बसते. ताई म्हणाल्या, "बसते बिचारी, कोणाला त्रास नाही." मी गाडीत तिच्या शेजारी बसले. मग मी तिला एक गोष्ट विचारली. ती आजवर तिला मी विचारली नव्हती, ह्यांनीही नाही, तुम्हीही नाही. म्हटलं, "बेबी, तुला कुठे राहायचंय?"

ती पुढे बघत म्हणाली, "कामावर जायचंय."

"कुठल्या कामावर?"

"माझ्या. दादा गाडी चालवतो, मी माणसं उतरवते." मग जरा वेळाने, "मी किती दिवस कामावर गेले नाही. दुसरी ठेवतील."

भावजी, आपण सगळे म्हणत होतो ह्यांनी तिला मागे बसवून फिरवलं. तिच्या मते ती नोकरी करत होती. रोज वेणी घालून, डबा घेऊन. ह्यांच्या जाण्याचं तिला काय झालं ते मला ठाऊक नाही, ती सांगत नाही, मीही सांगत नाही. पण तिची नोकरी गेली, हे आपल्यापैकी कोणाच्या गावीही नव्हतं. मला रजेनंतर परत जायला धुलाईखातं होतं. तिला स्टॉप होता.

मी तिची पिशवी भरली. तिथल्या ताईंना वाईट वाटलं, त्यांनी मनापासून केलं होतं. म्हणाल्या, "घरी कंटाळेल हो." मी म्हटलं, घरी नाही नेत.

छोटीला नुसतं "जेव" म्हणून चालणार नाही. काय म्हणायचं ते मी सांगणार नाही. तुम्ही बाप आहात.

वहिनी


१२ मे

ती. वहिनींस सा. न.

तुमचं पत्र मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, मोठ्या जाऊबाई अशा बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

घरी नाही नेत म्हणजे कुठे? धुलाईखात्यात तर नव्हे? वहिनी, तिथे वाफ, गरम इस्त्र्या, ते आवाज. शिवाय लोक. लोक हसतात हो. मी रोज एका वर्गात उभा असतो, मला माहीत आहे माणसं कशी हसतात. हळू हसतात, मान खाली घालून.

छोटीशी बोललो. म्हटलं, तुला कुठेही ठेवणार नाही. ती म्हणाली, "आणि वाचता आलं नाही तर?" मी म्हटलं, तरी. तिने विश्वास ठेवला की नाही कळलं नाही. मीही ठेवला की नाही ते कळलं नाही.

मुख्याध्यापकांना भेटलो. मागितलं एवढंच की तिची परीक्षा तोंडी घ्या आणि वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नका. ते म्हणाले, "सर, तुमच्या मुलीला सूट दिली तर उद्या प्रत्येक पालक येईल." मी म्हटलं, येऊ देत. ते म्हणाले, विचार करतो. विचार करतो म्हणजे काय ते मी वीस वर्षं त्याच खोलीत ऐकतो आहे.

भावजी


३० जून

प्रिय भावजी,

हो, धुलाईखात्यातच.

मी आमच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "काय येतं तिला?" म्हटलं, घडी घालता येते, हळू. "आणि काय येत नाही?" मी सगळं सांगितलं. वाचता येत नाही, घाई केली की हात थांबतात, भोंगा वाजला की खाली बसते, मनात येईल ते तोंडावर बोलते. बाई म्हणाल्या, "नोकरी मागायला येऊन इतकं खरं बोलणारी पहिलीच बघतेय." मग म्हणाल्या, आठवडाभर आण.

पहिला दिवस वाईट गेला. मशीन थांबली की आमच्याकडे भोंगा होतो. पहिल्याच भोंग्याला ती घडीच्या टेबलाखाली गेली आणि दुपारपर्यंत आली नाही. मी तिथेच वर घड्या घालत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इस्त्रीवर बसतात त्या मावशी म्हणाल्या, "हे काही पाळणाघर नाही." मी पुढची चादर ओढली.

तिसऱ्या दिवशी मी विजेच्या कामाच्या माणसाला विचारलं, भोंग्याऐवजी दिवा लावता येईल का? तो म्हणाला, येईल की, कोणी कधी मागितलाच नाही. आता मशीन थांबली की पिवळा दिवा लागतो. दोघीतिघींना बरं वाटलं, एकीचं डोकं दुखायचं ते थांबलं. मावशींना आवडलं नाही. त्यांना पाठमोरं बसायची सवय आहे, दिवा दिसत नाही. त्यांचं टेबल फिरवलं, तर आणखी रागावल्या. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. एका बाईने पाळी बदलून घेतली, तीही बेबीमुळेच. बेबीने तिला "तू रोज तीच चुगली सांगतेस" म्हटलं होतं. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही.

उशांचे अभ्रे कुठल्या विभागाचे ते त्यांच्यावर छापलेलं असतं. ते तिला लागत नाही. मी कोपऱ्यांवर रंगीत दोऱ्याचे टाके घातले. तरी ती कधी चुकते. चुकली की कोणीतरी वेगळं करतं. आमच्यातली कोण चुकत नाही?

तुम्ही हसण्याचं लिहिलंत. हसतात. तुम्ही म्हणता तसंच, मान खाली घालून. बेबीला ते दिसत नाही, ती घडीकडे बघते. मला दिसतं. पण परवा एक नवी मुलगी लागली, तिने बेबीला विचारलं, "ताई, हे कुठे ठेवू?" बेबीने मागे वळून बघितलं की ताई कोण आली. मागे भिंत होती. मग तिने बोट दाखवून सांगितलं, "तिथे ठेव."

रात्री जेवताना म्हणाली, "मी ताई आहे." मी म्हटलं, आहेस.

वहिनी


१४ ऑक्टोबर

ती. वहिनींस सा. न.

मधे बरेच दिवस गेले. लिहिण्यासारखं होतं पण लिहवत नव्हतं.

मुख्याध्यापकांचा विचार संपला नाही. तेव्हा मी शिक्षकांच्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हटलं, माझ्या मुलीला वाचता येत नाही. असं सगळ्यांसमोर. मग भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गात तसे तिघं आहेत." कोणी म्हणालं दोन. कोणी नुसते चष्मे पुसत बसले. तोंडी परीक्षा आता मागेल त्याला मिळणार आहे. या वर्षापुरती. पुढचं पुढे.

छोटीला शिकवायला एक बाई येतात. वाळूत अक्षरं काढायला लावतात, बोटाने. सावकाश चाललंय. अगदी सावकाश. ही आता मारत नाही, खोलीबाहेर जाऊन उभी राहते.

छोटीला सुटी लागते आहे. तिला तुमच्याकडे यायचंय. मी म्हटलं, काकू कामावर असतात. म्हणाली, "मग मी बेबीआत्याबरोबर कामावर जाईन." पाठवू का? मी स्वतः आणून सोडीन. मला बेबीलाही भेटायचं आहे. तिच्याशी काय बोलावं ते मात्र सुचत नाही.

भावजी


९ नोव्हेंबर

प्रिय भावजी,

तुम्ही गेल्यापासून छोटी मजेत आहे, काळजी नसावी. तुम्ही बेबीशी काय बोलायचं याची इतकी धास्ती घेऊन आलात आणि तिने दारातच "तू म्हातारा दिसतोस" म्हणून प्रश्न मिटवला, ते आठवून मला काल चक्क हसू आलं. चादर हातात होती, कोणाच्या लक्षात आलं नाही.

माझं विचारलंत. अजून सगळं दुरून ऐकू आल्यासारखं वाटतं, कानांत पाणी गेल्यावर वाटतं तसं. शेजारच्या बाई आता येत नाहीत. सकाळ होते, आम्ही दोघी वेण्या घालतो, डबे भरतो. मी बरी आहे असं म्हणत नाही. जाते आहे, येते आहे.

आज सुटी होती म्हणून तिघी बाजारात जायला निघालो. स्टॉपवर मी थोडी मागे, चपलेचा अंगठा तुटला होता तो नीट करत होते. त्या दोघी पुढे. बस येत होत्या आणि जात होत्या. छोटी मान वर करून पाट्या वाचायचा प्रयत्न करत होती. ओठ हलत होते. एक बस तिचं वाचून होईतो निघून गेली. मग तिचा चेहरा तुम्हाला माहीत आहे तसा झाला. खाली बघून म्हणाली, "आत्या, मला वाचता येत नाही."

बेबी म्हणाली, "मला पण."

छोटीने एकदम वर बघितलं. मला वाटतं तिला हे असं सरळ कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणाली, "मग तू काय करतेस?"

"विचारते."

"कोणाला?"

"जो उभा असेल त्याला."

"आणि त्याने नाही सांगितलं तर? हसला तर?"

बेबीने जरा विचार केला. तिला असले प्रश्न कठीण जातात. मग म्हणाली, "दुसऱ्याला विचारते. पुष्कळ माणसं असतात."

मी पुढे झाले नाही. चप्पल केव्हाच नीट झाली होती, तरी वाकूनच राहिले. पुढची बस आली. एक गृहस्थ पिशवी घेऊन उभे होते. छोटी त्यांच्याजवळ गेली, घसा खाकरला आणि मोठ्याने, अगदी वर्गात उभं केल्यासारखं विचारलं, "मला वाचता येत नाही. ही बस बाजारात जाते का?"

ते म्हणाले, "जाते की. चढ."

वहिनी